बेस गिटार: बोटांचा गोल आवाज आणि अंगठ्याचा स्लॅप, एकाच वाद्यातून दोन्ही नीट कसे काढायचे?

खर्जातला

नमस्कार मंडळी. इथे गिटारवर ढीगभर धागे आहेत, बेसवर मात्र शोधूनही काही हाती लागलं नाही, म्हणून हा काढतोय. जाणकारांनी सढळ हाताने लिहावं.

आमचा पाच जणांचा ग्रुप आहे, पुण्यात आणि आसपास कार्यक्रम करतो. जुनी हिंदी गाणी, थोडी मराठी, आणि शेवटपर्यंत माणसं खुर्चीत टिकली तर थोडं फंक (ठेक्यावर चालणारं अमेरिकन संगीत). माझा बेस चार तारांचा, फेंडर कंपनीच्या ‘जॅझ बेस’च्या धाटणीचा. दोन सिंगल कॉइल (एका वेटोळ्याचे) पिकअप, म्हणजे तारेचं कंपन विजेत बदलणाऱ्या पट्ट्या, दोन व्हॉल्यूम, एक टोन, आत बॅटरी नाही. तारा निकेलच्या राउंडवाउंड (गोल तारेचे वेढे, हाताला खरखरीत), जाडी ४५ ते १०५ (इंचाचे हजारावे भाग).

घरी छोट्या अ‍ॅम्पवर बोटांनी वाजवलं की आवाज मस्त भरीव येतो. हॉलमध्ये मिक्सरला जोडला की तोच आवाज दबतो. नुसती घूंऽऽ ऐकू येते, कुठला सूर आहे ते कळत नाही. स्लॅपचं, म्हणजे अंगठ्याने तार ठोकण्याचं आणि बोटाने ओढून सोडण्याचं (तो पॉप), उलट. अंगठा धडाम वाजतो, पॉप कानात घुसतो आणि गाणारी बाई मागे वळून माझ्याकडे बघते. इक्यू (आवाजाचा खालचा, मधला, वरचा भाग कमी-जास्त करणारे नॉब) व्हिडिओंमध्ये दाखवतात तसा ठेवलाय: बेस वर, ट्रेबल वर, मिड जवळजवळ शून्य.

दोन वेगळी सेटिंग ठेवायची का? पेडल घेऊ? तारा बदलू? की सरळ बॅटरीवाला बेस घेऊ?

गणपुले_काका

रुमाल टाकून ठेवतो. मुलगा बेस शिकतोय, मला घरातल्या भिंती थरथरतात एवढंच कळतं.

नादखुळा_कोल्हापूर

भावा, बेस घ्यायचा नाही, पेडलही घ्यायचं नाही. आधी उजवा हात बघायचा.

एक प्रयोग कर. इक्यू सगळा मध्यावर, टोन पूर्ण उघडा, दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण. ए तारेवर पाचवा फ्रेट (मानेवरची धातूची पट्टी) दाब आणि तोच सूर तीन ठिकाणी छेड: फ्रेटबोर्ड संपतो तिथं, पुढच्या पिकअपवर, आणि ब्रिजजवळच्या (तारा खाली जिथं अडकवतात त्याच्याजवळच्या) पिकअपवर. ताकद तेवढीच ठेव. तीन वेगळे बेस ऐकू येतील. पहिला गोल आणि जाड, दुसरा सगळ्या गाण्यांत खपणारा, तिसरा कडक, थोडा नाकात बोलणारा.

कारण सरळ आहे. तार जिथं छेडतोस तिथं ज्या उपस्वरांची (मूळ सुरासोबत उठणाऱ्या वरच्या सुरांची) स्थिर जागा येते, ते उपस्वर उठतच नाहीत. मोकळी तार बरोबर मध्यावर, म्हणजे बाराव्या फ्रेटवर छेडून बघ, आवाज पोकळ येतो, कारण सम क्रमांकाचे उपस्वर गायब असतात. ब्रिजकडे सरकशील तसे वरचे उपस्वर जोर धरतात, खालचा मूळ सूर बारीक होतो. हे इक्यूवर करायला गेलास तर निम्मंच जमतं.

अमेरिकन बेसवादक जॅको पास्टोरियसचा तो प्रसिद्ध आवाज याच जागेचा. १९६२ चा जॅझ बेस, फ्रेट काढून टाकलेले, राउंडवाउंड तारा, मागचा पिकअप आणि बोटं ब्रिजजवळ. लोक त्याच कंपनीच्या तारा आणतात आणि बोटं पुढच्या पिकअपवर ठेवून वाजवतात, मग म्हणतात जमत नाही.

दुसरं म्हणजे बोट तारेतून कसं निघतं ते. बेसवर छेडलेलं बोट पुढच्या तारेवर जाऊन टेकलं पाहिजे. ए छेडली की बोट ई वर विसावतं. आवाज भरीव होतो आणि ई आपोआप गप्प बसते. तार वर उचलून सोडलीस की ती फ्रेटवर आपटते आणि खडखडते. तर्जनी आणि मध्यमा यांचा आवाज सारखा येतोय का ते डोळे मिटून ऐक. बहुतेकांची मध्यमा हलकी पडते.

आणि जोर कमी कर, अ‍ॅम्प वाढव. सगळ्या सुरांना पूर्ण ताकद लावलीस की ठसका द्यायला शिल्लक काही राहत नाही.

डेट्रॉइटकर

नादखुळांशी सहमत, पण एका माणसाचं नाव इथे यायलाच हवं: मोटाउन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन. इथे डेट्रॉइटमध्ये मोटाउनचं मूळ घर आता संग्रहालय आहे. तळाशी तो स्टुडिओ ए, वादक त्याला स्नेकपिट म्हणायचे. साठच्या दशकातली कितीतरी गाणी त्या एवढ्याशा खोलीत झाली.

जेमरसन वाजवायचा फक्त तर्जनीने. त्या बोटालाच ‘द हूक’ नाव पडलं होतं. बेस १९६२ चा प्रिसिजन (फेंडरचंच मॉडेल), तारा जाड फ्लॅटवाउंड (सपाट पट्टीचे वेढे, गुळगुळीत), अ‍ॅक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) जास्त, ब्रिजच्या झाकणाखाली फोम. तारा तुटेपर्यंत बदलायच्या नाहीत हा त्याचा शिरस्ता. आणि बेस बहुतेक वेळा अ‍ॅम्पमधून नाही, थेट रेकॉर्डिंगच्या कन्सोलमध्ये.

जुनी हिंदी गाणी वाजवणार असाल तर याची नक्कल सोपी आहे. ब्रिजजवळ तारांखाली फोमचा पट्टा सरकवा, टोन निम्म्यावर आणा, फ्रेटबोर्डच्या टोकाशी वाजवा. सूर लवकर मिटतो, त्यामुळे ढोलक आणि तबला यांच्यामधून बेस चालू शकतो. फोम काढला की स्लॅपला तयार.

मिक्सरमागचा

मी स्टेजसमोर मिक्सरवर बसतो, त्यामुळे बेसवाल्यांचं दुःख मला उलट्या बाजूने माहीत आहे. धागाकर्त्यांना दोनच प्रश्न.

एक, बेस मिक्सरला कसा जोडता? थेट लाइन इनमध्ये?

दोन, तो मिड शून्यावर कुणी ठेवायला सांगितला?

खर्जातला

थेट. साधी जॅक टू जॅक केबल, सहा-सात मीटर असेल, मिक्सरच्या लाइन इनमध्ये. मिड व्हिडिओवाल्यांनी सांगितला.

मिक्सरमागचा

मग निम्मा रोग तिथेच आहे.

बॅटरी नसलेल्या बेसच्या पिकअपला समोरून साधारण १ मेगाओहम विद्युत अडथळ्याचा इनपुट लागतो. मिक्सरचा लाइन इन असतो १० ते २० किलोओहमच्या घरात. अडथळा कमी म्हणून तेवढा भार पडला की पिकअपची वरची बाजू मरते आणि पातळीही पडते. मग तुम्ही गेन (इनपुटची पातळी) वाढवता, ट्रेबल वाढवता, आणि वाढते ती फक्त खरखर. घरचा अ‍ॅम्प गिटारसाठीच बनवलेला, त्याचा इनपुट बरोबर आहे, म्हणून तिथे आवाज येतो.

उपाय: अ‍ॅक्टिव्ह डीआय बॉक्स (बेस आणि मिक्सर यांच्यात लावायची जुळवणीची पेटी). पॅसिव्ह नको, त्याचा इनपुटही अशा बेसला कमीच पडतो. अ‍ॅक्टिव्ह डीआय बॅटरीवर किंवा मिक्सरच्या ४८ व्होल्टच्या फँटमवर (केबलमधूनच मिळणाऱ्या विजेवर) चालतो. बऱ्याच साउंडवाल्यांकडे पेटीत पडलेला असतो, मागितला की मिळतो. काही छोट्या मिक्सरवर एका चॅनेलला हाय झेड किंवा गिटारचं चित्र असलेलं बटण असतं. ते दाबलं तरी काम होतं. लांब केबलनेही वरचा आवाज थोडा जातो, म्हणून डीआय तुमच्या पायाशी, मिक्सरपाशी नाही.

आता मिड. मोकळी ई वाजते ४१ हर्ट्झवर. हॉलमधल्या बहुतेक स्पीकरमधून ४१ नीट बाहेर पडतच नाही. श्रोत्याचा कान ८२ आणि १२३ ऐकतो आणि खालचा सूर स्वतः जुळवून घेतो. म्हणजे बेस ‘कळतो’ तो वरच्या उपस्वरांमुळे, आणि सूर ओळखण्याचं मुख्य काम ५०० ते १००० हर्ट्झमध्ये होतं. नेमकं तेच तुम्ही शून्य केलंय. उरलं काय? खाली किक ड्रमशी (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमशी) भांडण, वर झांजांशी.

बोटांसाठी माझी सुरुवात अशी असते: ३५ ते ४० हर्ट्झच्या खाली लो कट. २०० ते २५० च्या आसपास थोडं कमी, तिथे हॉलची घूं जमते. ७०० ते ८०० ला थोडं वर. ट्रेबलला हात नाही. एकटं ऐकलं तर आवाज काहीसा ओबडधोबड वाटेल, बँडमध्ये ऐकलं की जागेवर बसतो.

अंगठाबहाद्दर

बाकी सगळं मान्य, मिडबद्दल थांबा. स्लॅपचा तो काचेसारखा चमकणारा आवाज मिड कापूनच येतो. सत्तरच्या दशकापासून बेसवाले तेच करत आलेत. बेसवादक मार्कस मिलरचा १९७७ चा जॅझ बेस ऐका.

मिक्सरमागचा

ऐकलाय. त्याच्या बेसमध्ये प्रीअ‍ॅम्प (सिग्नल वाढवणारं सर्किट) बसवलेला आहे, समोर जगातले उत्तम साउंडवाले आहेत, आणि मुख्य वाद्यच तो वाजवतोय. गाणारी बाई त्याच्यापुढे नाही.

अंगठाबहाद्दर

हा मुद्दा बरोबर आहे, पण म्हणून मिड वर ठेवून स्लॅप केला तर खोक्यावर टिचक्या मारल्यासारखं येतं. थोडा काप, ४०० ते ५०० च्या आसपास, तीन-चार डेसिबल. त्याखाली नको. आणि अडीच ते चार किलोहर्ट्झला थोडी उचल, तिथे अंगठ्याची टिचकी असते. एवढ्यावर तडजोड?

मिक्सरमागचा

चालेल. तीन-चार डेसिबलला माझी हरकत नाही, शून्याला आहे.

अंगठाबहाद्दर

आता स्लॅपवर सविस्तर लिहितो, कारण धागाकर्त्यांची ‘अंगठा धडाम, पॉप कानात’ ही तक्रार इक्यूची नाहीच, हाताची आहे.

आधी हे तंत्र आलं कुठून ते बघा, म्हणजे काय साधायचंय ते कळेल. साठच्या दशकात अमेरिकन बेसवादक लॅरी ग्रॅहम आईबरोबर वाजवायचा. ड्रमवाला उरला नाही, तेव्हा त्याने किक ड्रमची जागा भरायला तारेवर अंगठा मारायला सुरुवात केली आणि स्नेअरची (कडक आवाजाच्या छोट्या ड्रमची) जागा भरायला तार ओढून सोडायला. पुढे स्लाय अँड द फॅमिली स्टोन या बँडमधून ते जगभर गेलं. म्हणजे स्लॅप हे मुळात तालवाद्य आहे. किक आणि स्नेअर यांचं वजन जुळत नसेल तर ड्रमवाल्याला आपण काय म्हणू? तेच इथे.

अंगठा: फ्रेटबोर्ड जिथे संपतो तिथे, शेवटच्या फ्रेटच्या वर मारायचा. तार फ्रेटवर आपटते, तीच धातूची टिचकी. पिकअपवर मारलात तर आपटायला फ्रेटच नाही, नुसता धप्प. लागला पाहिजे तो अंगठ्याच्या सांध्याजवळचा हाडाचा भाग, मऊ पेर नाही. हालचाल मनगट आणि कोपराच्या खालच्या हाताच्या फिरण्यातून. अंगठा सांध्यात वाकवून मारणारे लवकर दमतात आणि हात दुखवून घेतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मारल्यावर अंगठा तारेवर राहता कामा नये. तबल्यावर ‘ना’ वाजवताना बोट चाटेवरून लगेच उठतं, रेंगाळलं की बोल मरतो, तसंच. दुसरी पद्धतही आहे, अंगठा तारेतून आरपार जाऊन पुढच्या तारेवर टेकतो. दुहेरी अंगठ्यासाठी (जाताना आणि परत येतानाही तार वाजवायला) तीच लागते, बेसवादक व्हिक्टर वूटन त्या पद्धतीत मुरलेला. नवख्याने पहिली आधी पक्की करावी.

पॉप: तर्जनी तारेखाली फार आत घालू नका, फक्त टोक. तार जेमतेम उचलायची आणि सोडायची. कानात घुसणारा पॉप म्हणजे तुम्ही तार उपटताय. अर्ध्या जोराने करून बघा, पुरेसा येतो.

डावा हात: स्लॅपची सफाई इथे आहे आणि व्हिडिओ बघताना सगळे उजव्या हाताकडे बघत बसतात. न वाजणाऱ्या तीन तारा डाव्या हाताच्या मोकळ्या बोटांनी झाकून ठेवायच्या. घोस्ट नोटसाठी (सूर नसलेल्या नुसत्या ठोक्यासाठी) दोन तरी बोटं तारेवर हलकी टेकलेली हवीत. एकाच बोटाने टेकलात तर नेमका उपस्वर वाजतो आणि घंटा ऐकू येते. आपल्या मुंबईच्या मोहिनी डेला वाजवताना बघा. एवढ्या वेगातही नको ती तार वाजत नाही, ते डाव्या हाताचं काम.

सराव मेट्रोनोम ६० वर, फक्त मोकळी ई, अंगठा. मग अंगठा ई वर आणि पॉप डी वर, सप्तकाचा आकार धरून. दोन्हींचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून लाटा बघितल्या तर कुठला मोठा आहे ते डोळ्यांनाच दिसतं.

गणपुले_काका

हे मुलाला दाखवलं. तो म्हणतो बाबा तुम्ही कशाला वाचताय. वाचनखूण साठवली आहे.

तारांगण

मी रत्नागिरीत असते, गिटार आणि बेस दुरुस्तीचं थोडं काम करते. अंगठाबहाद्दर यांच्या पोस्टला जोड देते: अ‍ॅक्शन चुकली असेल तर एवढं सगळं करूनही स्लॅप हाताला त्रासच देतो.

ट्यून करून पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर ई दाबून धरा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात फट बघा. ०.३ ते ०.३५ मिलिमीटर असावी, साधारण तीन-चार कागदांची जाडी. जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) किंचित घट्ट, अजिबात नसेल तर सैल. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही, आणि अडकल्यासारखा वाटला तर थांबून कुणाला तरी दाखवा. मग सतराव्या फ्रेटवर उंची मोजा: ई ला सुमारे २.४ मिलिमीटर, जी ला २. दोन्ही प्रकार वाजवणाऱ्याने इथून सुरुवात करावी. फक्त स्लॅपवाले आणखी खाली जातात, पण मग बोटांनी जोरात वाजवलं की खडखड.

पिकअपचीही उंची बघा. शेवटच्या फ्रेटवर तार दाबल्यावर अडीच-तीन मिलिमीटर अंतर असावं. पिकअप वर चढवून ठेवला की अंगठा त्याच्यावर आपटतो आणि पॉप आणखी मोठा होतो. जी तारेच्या बाजूचा स्क्रू अर्धा फेरा खाली, कानात घुसणं तिथेही कमी होतं.

कोकणात, मुंबईत पावसाळ्यात नेकचं लाकूड ओल धरतं आणि मे महिन्यात जुळवलेली अ‍ॅक्शन ऑगस्टमध्ये राहत नाही. वर्षातून दोनदा तपासा. तारा वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने, खालच्या बाजूनेही पुसायच्या. इथल्या हवेत त्या वापरापेक्षा गंजानेच जास्त मरतात.

नादखुळा_कोल्हापूर

तारा उकळतात म्हणे काही लोक?

तारांगण

उकळतात. तारांच्या वेढ्यांमध्ये घाम आणि मळ बसलेला असतो, तो निघतो. साध्या पाण्यात दहाएक मिनिटं, मग लगेच पूर्ण कोरड्या करायच्या. चमक परत येते आणि काही दिवसांत जाते. पुन्हा पुन्हा काढून लावल्या की खुंटीपाशी कमजोर होऊन तुटतात. घरचं पातेलं वापरणार असाल तर आधी परवानगी घ्या.

तारांबद्दल थोडं आणखी. निकेल दोन्ही प्रकारांना चालतात. स्टीलच्या जास्त चकचकीत, स्लॅपला छान, पण फ्रेट लवकर झिजवतात आणि बोटांची खसखस वाढवतात. फ्लॅटवाउंडवर जुनी गाणी सुंदर, स्लॅप मात्र बोथट. धागाकर्त्यांनी निकेलच ठेवाव्यात.

अंगठाबहाद्दर

फ्लॅटवर स्लॅप होत नाही असं नाही हं. टिचकी कमी, ठोका जास्त. पण इथे नको तो विषय.

मंद्रसप्तक

अवांतर: जुन्या हिंदी गाण्यांचा उल्लेख आला म्हणून. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात बेस गिटारवर टोनी वाझ असायचे. हेडफोन लावून फक्त बेसकडे कान ठेवून ती गाणी ऐका. सूर कुठे थांबवायचा याचं भान थक्क करतं. फोनच्या स्पीकरवर हे कळणार नाही, त्यातून खालचं काही येतच नाही. बरेचजण फोनवर गाणं ऐकून बेस बसवतात आणि मग एक सप्तक वर वाजवतात.

खर्जातला

सगळ्यांचे आभार. शनिवारी कार्यक्रम झाला. साउंडवाल्याकडे अ‍ॅक्टिव्ह डीआय होता, तो लावला, मिड मध्यावर आणला. आमच्या ढोलकवाल्याने स्वतःहून विचारलं की बेस बदलला का. ब्रिजपाशी फोम ठेवून जुनी गाणी वाजवली, टोन निम्म्यावर, फारच आवडलं.

फंकच्या वेळी फोम काढला, टोन उघडला. स्लॅप पूर्वीपेक्षा खूप साफ, पण बोटांवरून अंगठ्यावर गेलो की आवाजाची पातळी अजूनही उडी मारते. एकाच गाण्यात दोन्ही असेल तर काय करता? मध्येच नॉब फिरवायला वेळ मिळत नाही. इथे कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबून पातळी सारखी करणारं यंत्र) लागेल का?

नादखुळा_कोल्हापूर

जॅझ बेसवर अर्धं काम दोन व्हॉल्यूमवरच होतं. दोन्ही पूर्ण उघडे असले की मधला भाग आपोआप थोडा खचतो आणि सिंगल कॉइलची गुणगुणही जाते. हे स्लॅपचं सेटिंग. मागचा थोडा कमी केला, सातवर, की मिड परत येतो, बोटांना बरं. गुणगुण किंचित वाढते, बँडमध्ये कुणाला ऐकू येत नाही. दोन ओळींच्या मध्ये एका करंगळीत होतं.

मिक्सरमागचा

कॉम्प्रेसर लागेल, पण हात सुधारल्यावर. आधीच लावलात तर पॉप दाबला जातो आणि तुम्ही आणखी जोरात ओढायला लागता.

रेशो (किती दाबायचं) ४:१. अटॅक (दाब किती वेळाने बसतो) २० ते ३० मिलिसेकंद, म्हणजे टिचकी सुटून जाते आणि मागचा फुगवटा दाबला जातो. अटॅक अगदी जलद ठेवला की स्लॅपमधला जीवच जातो. रिलीज (दाब सुटायचा वेळ) १०० ते १५०. थ्रेशोल्ड (ज्या पातळीपासून दाब सुरू होतो ती) असा की बोटांनी वाजवताना दिवा जेमतेम लुकलुकावा आणि सगळ्यात मोठ्या पॉपला पाच-सहा डेसिबल दाब यावा. पेडल घेणार असाल तर दाब दाखवणारा दिवा किंवा काटा असलेलं घ्या, नाहीतर सगळं अंदाजपंचे.

साउंड चेकला एक करा. बहुतेक बेसवाले हळूच बोटांनी दोन सूर वाजवतात आणि ‘झालं’ म्हणतात. आम्ही गेन त्यावर लावतो, आणि फंक सुरू झालं की लाल दिवे. आधी तुमचा सगळ्यात जोरातला पॉप द्या, मग अंगठा, बोटं शेवटी.

खर्जातला

ओके. पॉप आधी. पुढचा कार्यक्रम नवरात्रात आहे, त्याआधी जी च्या बाजूचा पिकअप खाली करून बघतो.

तारांगण

अर्धा फेरा. मग वाजवा, मग हवा तर आणखी अर्धा. आणि आधी कुठे होता त्याचा फोटो काढून ठेवा.

नादखुळा_कोल्हापूर

आणि रेकॉर्डिंग टाका इथं. व्हिडिओ असेल तर दोन्ही हात दिसतील असा काढा, नुसता चेहरा नको.